लिथियमचा आकार

इब्तिहाल: ...आठ दिवस झाले सी तीजानी, हा कागद माझ्या पिशवीत पडून आहे. रोज दवाखान्यातून निघताना ठरवायचे, आज जायचंच. आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की गाडी पुढे काढायचे.

तीजानी: आज बरी थांबलीस.

इब्तिहाल: परवा नाजीचा चाळिसावा. घर माणसांनी भरलं की मग कुठलं बोलणं होतंय. त्याच्या आत सांगावं म्हटलं.

तीजानी: बस. त्या बाकावर नको, पाय मोडलाय त्याचा. खुर्ची घे. शिकवणीला यायचीस तेव्हा खिडकीपाशी बसायचीस ना तू? बाहेर बघत?

इब्तिहाल: बाहेर बघत होते तरी पहिली आले होते.

तीजानी: दुसरी. पहिला तो तेलाच्या घाणीवाल्याचा मुलगा होता. आकडा सांग.

इब्तिहाल: आधी लल्ला मन्नूबियाला भेटते, मग...

तीजानी: मन्नूबिया बहिणीबरोबर कबरस्तानात गेलीय. मुलाच्या कबरीशी बसली की तासभर उठत नाही. आकडा.

इब्तिहाल: तीन पूर्णांक चार.

तीजानी: किती असायला हवा?

इब्तिहाल: तुम्हाला ठाऊक आहे.

तीजानी: मला ठाऊक असतं तेच मी दुसऱ्याच्या तोंडून वदवतो. चाळीस वर्षांची खोड आहे, आता काय सुटणार.

इब्तिहाल: शून्य पूर्णांक सहा ते एक. फार तर एक पूर्णांक दोन. त्याच्या वर लिथियम हे औषध राहत नाही, विष होतं. नाजीला आणलात तेव्हा तो मला ओळखत नव्हता. मी त्याला डायलिसिसच्या यंत्राला लावलं, रक्तातलं उतरलंसुद्धा. पण मेंदूतलं उतरायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याच्या हृदयाने दिला नाही.

तीजानी: हे तू त्या दिवशीच सांगितलंस पोरी. तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस. आज काय सांगायला आलीस?

इब्तिहाल: त्या दिवशी मला किती ते कळलं होतं. का, ते कळलं नव्हतं. गोळ्या रोज तेवढ्याच होत्या ना?

तीजानी: दिवसाला तीन. दोन वर्षं. डबी माझ्या उशाशी. एकेक मोजून त्याच्या तळहातावर ठेवायचो.

इब्तिहाल: आणि सप्टेंबरात रक्त तपासलं तेव्हा शून्य पूर्णांक आठ. म्हणजे अगदी जिथे हवं तिथे.

तीजानी: पुढची तपासणी मार्चात होती. रमजान लागला. मी म्हटलं, ईद झाली की करू. चांगला होता गं तो. हसत होता. दोन वर्षांपूर्वी सगळ्या गल्लीच्या भिंती निळ्या रंगवत सुटला होता, आठवतं? चार दिवस झोपला नव्हता, आणि मग महिनाभर अंथरुणातून उठला नव्हता. ते सगळं गेलं होतं. चांगल्या माणसाचं रक्त कशाला काढायचं, असं वाटलं मला.

इब्तिहाल: मी एकेक कारण खोडत गेले. सांधेदुखीच्या, डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायचा?

तीजानी: नाही.

इब्तिहाल: रोजे?

तीजानी: त्याच्या डॉक्टरने मनाई केली होती. दुपारी आम्ही दोघं हेच दार लावून बसायचो. मला रोजा, तो पाणी प्यायचा. म्हणायचा, बाबा, तिकडे तोंड करा, मला लाज वाटते.

इब्तिहाल: उलट्या, जुलाब?

तीजानी: ईदनंतरचे चार दिवस.

इब्तिहाल: ते विषाने झालं. त्याच्यामुळे विष झालं नाही.

तीजानी: आणि हात थरथरत होता. पण हात तर गोळी सुरू झाल्यापासून थरथरायचाच. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, रेघ वाकडी जायला लागली तरी गोळी सोडली नाही त्याने. या खेपेला जरा जास्त थरथरला. मी म्हटलं, थकलाय. मासळीबाजाराची मोठी पाटी घेतली होती ना अंगावर.

इब्तिहाल: गेल्या आठवड्यात मी लल्ला मन्नूबियाला फोन केला होता.

तीजानी: मला नाही बोलली. मला ती काहीच बोलत नाही.

इब्तिहाल: अजून?

तीजानी: अडतीस दिवस. बहीण आली की, "यांना विचार जेवणार का." शेजारीण आली की, "यांना सांग पाणी तापलंय." घरात मांजर असती तर मांजरामार्फत बोलली असती. चुकीचं नाही तिचं. गोळीच्या कागदावर सही माझी. तिला त्याला समुद्राकाठच्या पिराकडे न्यायचं होतं. मी विज्ञान विज्ञान म्हणून तिचं तोंड बंद केलं. वर शहाणपणाने हेही सांगितलं की ग्रीक भाषेत लिथियम म्हणजे दगड. आता ती म्हणते, तुमच्या दगडाने माझा मुलगा मारला.

इब्तिहाल: फोनवर मी विचारलं, तो काय काय खायचा. ती सांगत गेली. इतकं सविस्तर सांगत होती, की एकेक भाजी कशी चिरायची तेसुद्धा. आणि मग तुमच्या ब्लडप्रेशरवर आली.

तीजानी: ते ऑक्टोबरात. एकशे नव्वद झालं होतं. हृदयाच्या डॉक्टरने मीठ तोडायला सांगितलं. आणि मन्नूबियाला काही सांगितलं की ती अर्धंमुर्धं करत नाही. मिठाचा डबा शेजारणीला देऊन टाकला. विकतचा पाव बंद, घरी भाजलेला, तोही बिनमिठाचा. लाल मिरचीची हरीसा घरी कुटली, बिनमिठाची. ऑलिव्ह चार चार दिवस पाण्यात बुडवून त्यांचा खारटपणा काढायची. गावाबाहेर मिठागरात डोंगराएवढे ढीग, आणि आमच्याकडे चिमूटभर मिळायचं नाही. मला तर घशाखाली उतरायचं नाही, पण मिटक्या मारत खायचो. म्हटलं, एवढं करतेय माझ्यासाठी. नाजी चिडवायचा मला, म्हणायचा, बाबा, तुमच्या एकट्याच्या...

इब्तिहाल: सी तीजानी?

तीजानी: आमच्या घरी एकाच परातीतून जेवतात, इब्तिहाल.

इब्तिहाल: हो.

तीजानी: तिघंही. लग्न झालं तेव्हापासून. वेगळं ताट वाढलं की तिला वाटतं घरात भांडण आहे.

इब्तिहाल: हो, सी तीजानी.

तीजानी: थांब. काही बोलू नकोस. तो खडू दे इकडे.

इब्तिहाल: खडू कशाला आता? बसा तुम्ही.

तीजानी: आवर्तसारणीतली पहिली उभी रांग म्हण, मी फळ्यावर लिहितो. वरून खाली.

इब्तिहाल: कशाला हे?

तीजानी: म्हण. मला माझ्या तोंडाने म्हणवत नाही.

इब्तिहाल: लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम.

तीजानी: आकार?

इब्तिहाल: वरून खाली वाढत जातो. लिथियम सगळ्यात लहान.

तीजानी: भार?

इब्तिहाल: सगळ्यांचा सारखा. एकेक.

तीजानी: मग शेजाऱ्याला ओढतो कोण जास्त?

इब्तिहाल: लिथियम. भार तेवढाच, पण एवढ्याशा अंगात कोंडलेला. शेजारी जो कोणी असेल त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग तो आपल्याकडे खेचून घेतो. ढगाचा गोल आकार बिघडतो. पुस्तकात ध्रुवीकरण लिहिलंय.

तीजानी: पुस्तकात बरंच काही लिहितात. आणि खेचला कोण जातो?

इब्तिहाल: जो मोठा आणि सैल असतो तो. फ्लोराइड नाही, तो लहान, त्याचं सगळं अंगाशी घट्ट. क्लोराइड थोडा, ब्रोमाइड जास्त, आयोडाइड सगळ्यात जास्त. त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन इतके लांब असतात की त्याचा स्वतःचाच त्यांच्यावर फारसा हक्क चालत नाही. तुम्ही सफसारीचं उदाहरण द्यायचात.

तीजानी: सांग ते.

इब्तिहाल: बाजारात चाललेली बाई, अंगावर सैल पांढरी सफसारी, आणि एक लहान मूल तिचं टोक मुठीत धरून लोंबकळतंय. मूल जितकं लहान तितकी मूठ घट्ट, आणि वस्त्र जितकं सैल तितकं ते घरी येईपर्यंत वाकडं झालेलं. सगळा वर्ग हसायचा.

तीजानी: ते उदाहरण माझं नव्हतं. ते नाजी होता. चार वर्षांचा. मन्नूबिया त्याला मासळीबाजारातून घेऊन यायची तेव्हा तिची सफसारी कायम एका खांद्यावरून घसरलेली. दोघांना दारातून आत येताना बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. त्याच्या आधी मीही पुस्तकातलंच बडबडायचो.

इब्तिहाल: मला माहीत नव्हतं.

तीजानी: आता मूत्रपिंड. ते मी नाही शिकवलं. तू शिकव.

इब्तिहाल: नको ना सी तीजानी.

तीजानी: शिकव.

इब्तिहाल: मूत्रपिंड एवढे बारकावे बघत नाही. रक्त गाळतं आणि कामाचा सोडियम परत आत घेतं. लिथियम त्याच रांगेतला, भारही तोच, तोही सोडियमच्या मागोमाग आत येतो. जेवणात नेहमीचं मीठ असलं की मूत्रपिंड हात सैल सोडतं, दोन्हीही बाहेर जातात. मीठ तुटलं की ते सोडियमचा कण न् कण धरून ठेवायला लागतं.

तीजानी: आणि सोडियमसारखा जो असेल त्यालाही.

इब्तिहाल: त्यालाही.

तीजानी: दुष्काळात कोणी धान्यातले खडे निवडत बसत नाही.

इब्तिहाल: हळूहळू वाढत गेलं असणार. महिन्या-महिन्याने. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

तीजानी: कोणाच्या नाही, माझ्या. गोळ्यांच्या खोक्यात एक चिठोरा होता, फ्रेंचमध्ये. त्यात एक ओळ होती, आहारातलं मीठ एकाएकी कमी करू नये. मी वाचली होती ती. पेन्सिलीने खूण केली होती. मनात म्हटलंसुद्धा, बरोबरच आहे, एकाच रांगेतले दोघं. आणि दीड वर्षाने माझ्या डोळ्यांदेखत परातीतलं मीठ गेलं, तेव्हा मला ती ओळ आठवली नाही. मला माझं ब्लडप्रेशर आठवत होतं. गेल्या चाळीस वर्षांत ही रांग मी किती पोरांकडून घोकून घेतली असेल? तीन हजार? चार?

इब्तिहाल: असं जुळवून कोण बघतं? शाळेतली रांग आणि घरातली परात? मी मूत्रपिंडाची डॉक्टर, मलाही फोनवर ते ऐकेपर्यंत सुचलं नव्हतं.

तीजानी: तू आमच्याकडे जेवत नव्हतीस.

इब्तिहाल: आता प्रश्न लल्ला मन्नूबियाचा आहे. कागदावर शेवटी एक ओळ मी लिहिलीय. बिनमिठाचा आहार, सहा महिने. ही प्रत घरच्यांची असते. कायद्याने मला ती द्यायला हवी.

तीजानी: मी घरचाच आहे. मला दिलीस. मी वाचली. आता परत पिशवीत ठेव.

इब्तिहाल: ती तुम्हाला खुनी समजतेय.

तीजानी: समजू दे.

इब्तिहाल: जन्मभर?

तीजानी: किती जन्म उरलाय? हे बघ, राग आहे तोवर ती उभी आहे. सकाळी उठते, माझ्यावर दात-ओठ खाते, त्या जोरावर विहिरीचं पाणी काढते, चूल पेटवते. हा कागद तिच्या हातात पडला तर ती कोणावर रागावणार? तिने नवऱ्याचा जीव वाचवायला मीठ काढलं, गं. प्रेमाने काढलं. हे कळल्यावर माणूस पुन्हा पिठात हात घालू शकेल का?

इब्तिहाल: मी घरच्यांशी खोटं बोलत नाही. आजवर बोलले नाही.

तीजानी: तू कशाला बोलशील? तू जा. खोटं मी बोलेन.

इब्तिहाल: तुम्हाला जमेल?

तीजानी: दार वाजलं. लवकर आली आज. कागद आत घाल.

इब्तिहाल: फळा.

तीजानी: पुसतोय. डस्टर कुठे गेला, थांब, बाहीने पुसतो.

मन्नूबिया: कोण, इब्तिहाल? दारात गाडी बघितली आणि म्हटलं, हीच. ये गं माझ्या पोरी. उभी का? बसायला सांगितलं नाही का कोणी तुला?

इब्तिहाल: सांगितलं लल्ला. बसलेच होते. अल्लाह नाजीवर रहमत करो.

मन्नूबिया: आमीन. घे, हे अंजीर घे, कबरीवर वाटून उरलेत. परत न्यायचे नसतात. एक खा माझ्यासमोर. बहिणीच्या गुडघ्याने दगा दिला म्हणून लवकर निघावं लागलं, नाहीतर मी कसली येतेय. ऊन तिथे चांगलं असतं. त्याला आवडायचं ऊन. यांना विचार, अंजीर खाणार का.

इब्तिहाल: सी तीजानी?

तीजानी: खाईन.

मन्नूबिया: यांना दे दोन. बोल, काय काम काढलंस? दवाखान्यातून सुटी घेऊन आलीयस म्हणजे अंजीर खायला नाही आलीस.

इब्तिहाल: परवाचं विचारायला आले होते. काही मदत हवी का, भांडी, माणसं.

मन्नूबिया: भांडी मशिदीतून येतील. कुसकूस बहिणीच्या सुना करतील. मदत हवी तर एक कर. तू शिकलेली आहेस, तुझ्या हातात नाडी होती त्याची. यांच्या देखत सांग. गोळीनेच गेला ना माझा मुलगा?

इब्तिहाल: लल्ला...

मन्नूबिया: साधं विचारतेय.

इब्तिहाल: रक्तात लिथियम वाढलं होतं. त्याने गेला.

मन्नूबिया: ऐकलं का यांनी? विचार यांना, ऐकलं का.

तीजानी: ऐकलं.

इब्तिहाल: पण लल्ला, असं एका कारणाने कधी...

तीजानी: इब्तिहाल, तुला उशीर होतोय. दुपारची पाळी आहे म्हणालीस.

इब्तिहाल: हो. निघते. परवा सकाळीच येईन मी. लल्ला, काही लागलं, अगदी काहीही, तर मला फोन करा. एवढ्यातेवढ्यासाठी करा.

मन्नूबिया: करीन. ने ते अंजीर मुलांना. आणि गाडी हळू चालव.

(अंगणाचं दार लागल्याचा आवाज येतो.)

मन्नूबिया: गेली?

तीजानी: गेली.

मन्नूबिया: मी आत आले तेव्हा तिच्या पिशवीतून एक पांढरा कागद वर आला होता. मी अंजीर काढेपर्यंत तो खाली गेला.

तीजानी: मन्नूबिया, तू माझ्याशी बोलतेयस.

मन्नूबिया: मग आता तिसरं कोण आहे घरात? भिंतीशी बोलायला मी अजून वेडी झाले नाही. बसा खाली. उभे राहिलात की शिकवल्यासारखे दिसता.

तीजानी: बसलो.

मन्नूबिया: तिने मला फोन केला होता.

तीजानी: असं?

मन्नूबिया: म्हणजे तिने सांगितलं तुम्हाला. तुमचं "असं" मला कळतं. त्याने काय खाल्लं, काय प्यायलं विचारत होती. मी सांगत होते, आणि ती आपली हं हं करत होती. मी मलूखियाचं कालवण सांगितलं, हं. मी तुमच्यासाठी बिनमिठाचं करत होते ते सांगितलं, आणि तिचं हं आलंच नाही. मला वाटलं फोन तुटला. दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाली, बरं लल्ला, मी बघते. गेले आठ दिवस काही करायला घेतलं की मला ते न आलेलं हं ऐकू येतं.

तीजानी: दवाखान्यात असेल ती. कोणी बोलावलं असेल मधेच.

मन्नूबिया: असेल. ईदेच्या सकाळी त्याने खारा मासा मागितला होता. आठवतं तुम्हाला?

तीजानी: नाही.

मन्नूबिया: नाही कसं? तुम्ही समोर होतात. अख्खं स्फाक्स शहर त्या सकाळी खारा मासा आणि मनुका-कांद्याची दाट शर्मूला खातं, आणि मी घरात ताजा मासा उकडून ठेवलेला, अळणी, आजाऱ्याच्या जेवणासारखा. शेजारणीला राहवलं नाही म्हणून तिने वाटीभर खारा पाठवला. त्याने वाटीत हात घातला. मी त्याच्या हातावर चापटी मारली. म्हटलं, बाबांसमोर खाऊ नकोस, त्यांचा जीव जाईल बघून. त्याने तुकडा परत ठेवला. एकतीस वर्षांचा बाप्या. बोटं चाटली आणि उठला.

तीजानी: सणाला मुलं काहीबाही मागतात.

मन्नूबिया: माझी आई म्हणायची, अंगाला हवं असतं तेच जीभ मागते.

तीजानी: म्हाताऱ्या बायका काय, काहीही म्हणतात.

मन्नूबिया: मीही आता म्हातारी बाईच आहे. एकदाच विचारते, परत नाही विचारणार. खरं सांगा मला. मीठ नव्हतं म्हणून गेला का तो? माझ्या हातून?

तीजानी: नाही.

मन्नूबिया: इतक्या पटकन नाही म्हणू नका. विचार करून म्हणा.

तीजानी: विचार करूनच म्हणतोय. गोळीने गेला. मी सही केलेल्या, मी मोजून दिलेल्या गोळीने. मार्चातली तपासणी मी पुढे ढकलली. ती झाली असती तर पोरगा आज इथे असता. अडतीस दिवस तू म्हणतेयस ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मीच केलं हे.

मन्नूबिया: मी ते तुम्हाला विचारलं नाही. मी मिठाचं विचारलं.

तीजानी: मिठाचा काही संबंध नाही.

मन्नूबिया: मिठातला तो सोडियम आणि गोळीतलं लिथियम. एकाच रांगेतले ना ते दोघं?

तीजानी: तुला कोणी सांगितलं?

मन्नूबिया: कोणी कशाला सांगायला हवं? या भिंतीपलीकडे माझी चूल आहे. एक वर्ष संपलं की दुसरी पोरं यायची, तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात. कांदा चिरताना कानात बोळे घालायचे होते का मी?

तीजानी: रांग एक आहे खरी. पण स्वभाव अगदी वेगळे.

मन्नूबिया: कसे वेगळे?

तीजानी: लिथियम... लिथियम मोठा असतो.

मन्नूबिया: मोठा.

तीजानी: त्या रांगेतला सगळ्यात मोठा. ऐसपैस, सुस्त. कोणाला ओढत नाही, कोणाच्या वाटेत येत नाही. सोडियम त्याच्याहून लहान. मग पोटॅशियम आणखी लहान. वरून खाली आकार कमी कमी होत जातो.

मन्नूबिया: वरून खाली कमी होत जातो.

तीजानी: हो. आणि दोघांच्या आकारात एवढा फरक, की शरीराची एकाला दुसरा समजण्यात गल्लत होऊच शकत नाही. तू मीठ घातलंस काय आणि न घातलंस काय, लिथियमला त्याचा पत्ताही नसतो.

मन्नूबिया: पत्ताही नसतो.

तीजानी: नाही. फळ्यावर काढून दाखवू?

मन्नूबिया: नको. ऐकून कळलं. लिथियम सगळ्यात मोठा.

तीजानी: सगळ्यात मोठा.

मन्नूबिया: परत म्हणा.

तीजानी: सगळ्यात मोठा, मन्नूबिया.

मन्नूबिया: बरं.

तीजानी: रडू नकोस.

मन्नूबिया: रडत नाही. इकडे या जरा. बाहीला केवढा खडू लावून घेतलाय. द्या हात, झटकते. किती वाळलात तुम्ही. हाडं लागतायत हाताला.

तीजानी: राहू दे. धुऊन जाईल.

मन्नूबिया: धुवायची मलाच आहे. उद्या न्हावी बोलवा, परवा लोक येतील, असे भुतासारखे बसू नका त्यांच्यासमोर. चला आता, जेवून घ्या. मीही सकाळपासून काही खाल्लं नाही.

तीजानी: येतो.

मन्नूबिया: आणि ऐका.

तीजानी: हं.

मन्नूबिया: चाळिसावा झाला की पोरं शिकायला येतील, जूनमध्ये परीक्षा आहे त्यांची. मला सांगितलंत ते मी ठेवून घेते. त्यांना असं सांगू नका.